मामांनी काढायला लावलेला भाग

शूटिंगमामांना कॅमेरा सुरू करता यायचा, बंद करता यायचा नाही. लग्न लागलं, पंगती उठल्या, नवरी सासरी गेली, मांडववाले खुर्च्या रचायला लागले, तरी यांचं शूटिंग चालूच. भिवंडीच्या स्टुडिओत एडिटिंग माझ्याकडे, त्यामुळे तो रिकामा मांडव तासभर बघायची शिक्षा मला. एकदा वैतागून जाब विचारला, तर म्हणाले, "पोरी, मानसं बोलायची थांबली का मंग खरी दिसतात." मी तेव्हा चाळिशीची होते, पण त्यांच्या लेखी पोरच.

दुसरी सवय त्याहून तापदायक. कच्चं एडिट घरच्यांना दाखवल्याशिवाय मामा पुढे जात नसत. घरचे टीव्हीसमोर बसायचे आणि रुसलेला जावई काढा, भांडणारी आत्या काढा, असं सुरू व्हायचं. मामा माना डोलवायचे. "ज्याचा चेहरा हाय, त्याला इचारायला नको?"

मामा भिवंडीजवळच्या वळ गावचे. त्यांचे थोरले भाऊ, फौजीदादा, सैन्यातून निवृत्त झालेले. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडा दादांच्याच हस्ते फडकायचा आणि मामा त्याचं शूटिंग करायचे. एका वर्षी कार्यक्रम आटोपला, मुलं खाऊ घेऊन पळाली, कॅमेरा अर्थातच चालू. खुर्चीत एकटे उरलेले दादा म्हणाले, "पुढल्या साली दुसऱ्या कुनाला बोलवा. माझे हात त्या लायकीचे न्हाईत."

मामांची फिल्म सुरू झाली ती तिथून. दादा तरुण असताना लढाईत त्यांच्या तुकडीनं सरहद्दीपलीकडच्या एका गावात साध्या, निःशस्त्र माणसांना विहिरीपाशी उभं करून गोळ्या घातल्या होत्या. शत्रूच्या सैन्यानं नव्हे, आपल्या. मामांनी त्या तुकडीतले आणखी चार म्हातारे हुडकले, एक वज्रेश्वरीला, बाकीचे घाटावर. चौघेही बोलले. मग सवयीप्रमाणे मामा कच्चं एडिट घेऊन घरोघरी गेले आणि चौघांच्याही मुलासुनांनी सगळं काढायला लावलं. उरले काय, तर चहा पिणारे चार म्हातारे.

"मामा, हे काय लग्न आहे का?" मी ओरडले.  मामा फार दमलेले दिसत होते. मीही दमले होते.

राहिले दादा. घरासमोरून गोदामांचे ट्रक जात होते, तरी त्यांचा एकही शब्द अडखळला नाही. दोन तास बोलले. कोण रडत होतं, कोण गप्प होतं, आपल्या बंदुकीनं कोण पडलं. शेवटी एका लहान मुलीवर आले, तेव्हा एडिटिंगला बसलेली मी हेडफोन काढून तोंड धुऊन आले.

दुसऱ्या दिवशी मामा स्टुडिओत आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "दादाचं काढून टाक. बॅकअप पन ठेवू नको."

"दादा म्हणाले?"

"न्हाय. मी सांगतो. गावात दादाला बघून लोकं उठून उभी ऱ्हातात. ते जायला नको."

मी भांडायला हवं होतं. भांडले नाही. त्यांच्यादेखत सगळं पुसलं. त्याबद्दल मला मामांचा राग येतो आणि स्वतःचा त्याहून जास्त.

आठवड्यानं फिल्म दादांना दाखवली, तेव्हा मीही होते. दादांनी ती शेवटपर्यंत पाहिली आणि विचारलं, "माझं कुठाय?"

मामांनी टीव्ही बंद केला.

"सगळ्या जन्मात एकदा बोललो. कुठाय ते?"

मामांनी खरं सांगितलं, परत बोलशील का म्हणून विनवलं. दादा म्हणाले, "एकदाच जमलं रं. आता न्हाय जमनार."

महिनाभरानं मामांनी माझ्या टेबलावर कॅमेऱ्याचं एक कार्ड ठेवलं. लावून बघते तर जन्मभर कॅमेऱ्यामागे राहिलेला माणूस स्टुलावर, कॅमेऱ्यासमोर. "माझ्या भावानं हिरीपाशी तीन मानसं मारली. त्यानं ते कबूल केलं. मी ते पुसलं." मग दादांनी सांगितलेलं सगळं, आठवेल तसं. तीन हा आकडा मला खटकला. पण मी पुन्हा गप्प बसले.

रीतीप्रमाणे हेही दादांना दाखवलं. दादांनी एकच दुरुस्ती केली. "तीन न्हाय, चार. बारकी पोर गाळलीस तू."

"जिभंवर येईना, दादा."

"माझ्या तरी कुठं येत व्हती?"

मामांनी पुन्हा एकट्यानं शूट केलं. वळच्या समाजमंदिरात फिल्म एकदाच दाखवली. अर्धे लोक मधूनच उठून गेले, दादा पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसले. आता त्यांना बघून गावात कोणी उभं राहत नाही. "लोकं बसलेली बरी वाटतात," असं ते मला म्हणाले.

मामा मागच्या थंडीत गेले. फिल्म अजून कुठे कुठे दाखवते मी. तिच्या शेवटी मामा "चार मानसं. एक बारकी पोर" एवढं म्हणतात आणि नुसते बसून राहतात. मागून ट्रक जातात. मामा डोळे पुसतात, पुन्हा तसेच बसून राहतात. कॅमेरा बंद करायला पलीकडे कोणीच नाही. बॅटरी संपेपर्यंत तेच. हा भाग फार लांबलाय, काढून टाका, असं सगळे सांगतात.

मी काढत नाही.