शोभाताईंनी पास केलेला अ‍ॅम्प

आधी नाव सांगतो. शोभा दत्तात्रय पवार. तळवड्याच्या, मूळ गावातल्याच. चाकणच्या एका कंपनीत बावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर उभ्या राहिलेल्या. त्यांच्याच घराच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहतो. आज मी बँडमध्ये गिटार वाजवतो ती त्यांच्यामुळं. त्या गेल्या त्याला महिना होत आला. मी कंपनीत मशीनवर होतो, मोबाइल लॉकरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत बघितलं तर काकांचे, म्हणजे त्यांच्या मिस्टरांचे, सात मिस्ड कॉल. चांगल्या बातमीला कुणी इतके कॉल करत नाही… परत फोन लावायच्या आधी मी उघडलेला डबा नीट बंद केला, एवढंच आठवतं.

मी हिंगोलीकडचा. नववीत शाळा सुटली आणि इकडं आलो. काही विकत घ्यायचं म्हटलं की अजून मी दुकानाच्या दारातच घुटमळतो. आपल्याला यातलं कळत नाही आणि समोरच्यानं ते ओळखलंय, असं वाटत राहतं. पहिला अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी स्पीकरची पेटी, मी अशीच घाबरत, लवकर दुकानातून बाहेर पडायचं म्हणून घेतली होती. खोलीत तो इतका गोड वाजायचा की ताई भांडी घासता घासता थांबायच्या. पण आमच्या बँडमध्ये ढोलकी, पॅड, कीबोर्ड, आणि मांडवाच्या मागं जनरेटर. जयंतीचा कार्यक्रम असो की हळदीचा, माझी गिटार मला स्वतःलाच ऐकू येत नसे. आमचा म्होरक्या सिद्धू कीबोर्ड वाजवतो. तो म्हणायचा, "विशालभावा, फोटोत लई भारी दिसतो तू, राव!" सगळे हसायचे, मीही हसायचो. एक दिवस मात्र तो न हसता बोलला. चिखलीच्या जयंतीला गिटार ऐकू आली नाही, तर पुढच्या कार्यक्रमापासून तुझ्या जागी बेंजोवाला. त्याचं चुकत नव्हतं. पण या एवढ्या मोठ्या शहरात मला नावानं हाक मारणारी माणसं म्हणजे हा बँड आणि ताईंचं घर. त्यातला बँड जाणार होता.

ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मला गाण्यातलं काय बी कळत न्हाई. पण तपासायचं कळतंय. गुरुवारी सुट्टी हाय, जाऊ."

आकुर्डीच्या दुकानात शेठनं एकेक अ‍ॅम्प लावून दाखवला. सगळेच गोड. एकात तर वेगवेगळे पन्नास आवाज होते आणि निळे दिवे. मी त्याच्यावरच हात ठेवला. ताई म्हणाल्या, "थांब. बबनला बोलव. ढोलकी घेऊन."

बबन आमचा ढोलकीवाला. तो जवळच राहायचा. कंपनीच्या शर्टातच ढोलकी गळ्यात घालून आला. शेठ गडबडले. "मॅडम, इथं कार्यक्रम करणार काय?"

"व्हय," ताई म्हणाल्या. "शेठ, आमच्याकडं पार्ट मापाला बरोबर येतो, आन गाडीत जोडायला गेलं की बसत न्हाई. म्हणून आमी जोडून बघितल्याबिगर पास करत न्हाई. वाजव रं बबन, मांडवात वाजवतो तसा."

बबननं थाप मारली आणि निळ्या दिव्यांचा अ‍ॅम्प पहिल्या दहा सेकंदांत बुडाला. दुसरा बुडाला. तिसराही. कोपऱ्यात एक जुना, काळा, वापरलेला अ‍ॅम्प होता. बारा इंची एकच स्पीकर, मोजकी बटणं. तोही आधी दबलाच. ताईंनी विचारलं, "हे बटण कशाचं? आता येवढं एकच फिरव, बाकीची तशीच ठेव." बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, कमी केला, मधला आवाज वाढवला. नुसती गिटार वाजवली तर पत्र्यासारखी वाटली, मला लाज वाटली. पण बबननं परत ढोलकी सुरू केली आणि त्या गोंधळातून माझा एकेक सूर वेगळा ऐकू येऊ लागला. बबन वाजवता वाजवताच ओरडला, "अरे, तू एवढं सगळं वाजवत होतास व्हय रे इतकी वर्षं?"

मला वाटलं, झालं. ताईंनी स्टूल मागितलं. "आता चालू ठेवा. कार्यक्रम काय धा मिनटांचा नसतो." दीड तास आम्ही वाजवत होतो. त्या मधूनमधून अ‍ॅम्पच्या पाठीला तळहात लावून बघायच्या, वायर हलवून बघायच्या, वास घ्यायच्या. शेठनं दोनदा चहा मागवला. शेवटी ताई उठल्या आणि म्हणाल्या, "पास." तो एक शब्द ऐकून मला शाळेत कधी वाटलं नव्हतं तसं वाटलं.

चिखलीला त्या आल्या, पण खुर्चीवर बसल्या नाहीत. थेट मांडवाच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. ऐकू आलं तर हात वर करीन म्हणाल्या होत्या. पहिलं गाणं झालं. हात खालीच. दुसऱ्या गाण्याच्या आधी त्या लोकांतून वाट काढत स्टेजपाशी आल्या. "खाली काय ठेवलाय त्यो? लोकांच्या पायांना गाणं ऐकवतो का? खुर्चीवर ठेव!" सिद्धूनंच दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून अ‍ॅम्प वर चढवला. ताई परत मागं गेल्या. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर, शेवटच्या रांगेच्याही मागं, हिरव्या बांगड्यांचा हात वर गेला… कार्यक्रम संपल्यावर सिद्धूनं माझ्यासमोरच बेंजोवाल्याला फोन लावला आणि नको म्हणून सांगितलं. ताई घरी जाताना रिक्षात एवढंच म्हणाल्या, "भारी वाजवलंस हां." माझ्या बापाला सांगावं असं काही माझ्याकडं पहिल्यांदाच होतं.

त्यानंतर आमच्या जवळच्या प्रत्येक कार्यक्रमाला त्या शेवटी उभ्या राहायच्या. कधी हात लगेच वर जायचा, कधी तीन गाणी जायचा नाही. आमचं मन राखायला त्यांनी तो कधी वर केला नाही, म्हणून तो वर गेला की छाती फुगायची. अ‍ॅम्प अजून एकदाही बंद पडलेला नाही.

परवा मोशीला वाजवलं. गिटार गळ्यात घातली आणि नजर आपोआप मांडवाच्या टोकाला गेली. तिथं दोघंतिघं गप्पा मारत उभे होते. आवाज पोचला की नाही, कुणाला विचारणार?

ताई, तुमचं हे ऋण मी ठेवणार नाही. कधीतरी एखादा नवा बँड घाबरत घाबरत स्टेजवर चढेल, तेव्हा मी खुर्ची सोडून शेवटच्या रांगेच्या मागं उभा राहीन. आणि खरंच ऐकू येईपर्यंत हात वर करणार नाही.