ती चिठ्ठी माझी होती

आधी शकीलाआपाचं नाव लिहिते. मग काय झालं ते. उलटं केलं तर तिचं नाव पुन्हा राहून जाईल, आणि एकदा ते माझ्यामुळंच राहिलेलं आहे.

आपा आमच्या शाळेतल्या हंगामी वसतिगृहात स्वयंपाक करायची. दिवाळीच्या आसपास आमच्या गावातली अर्धी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. मागं राहिलेल्या पोरांना दोन वेळचं जेवण आणि झोपायला एक वर्गखोली, एवढंच ते वसतिगृह. आपाला अक्षर ओळखता यायचं नाही. मला लिहायला तिनं शिकवलं. हे वाचून कुणी हसेल. हसू द्या. तेव्हाही हसले होते.

सव्वीस जानेवारी. शाळेचं मैदान. पाटोद्याहून भाड्यानं आणलेला भोंगा. स्टेजवर दादासाहेब, शाळा समितीचे अध्यक्ष, गावातली चांगली काळी जमीन बहुतेक त्यांचीच. माईकसमोर त्यांची नात प्रणाली, माझ्याच वर्गातली. सातवी. पांढरे बूट. हातात कागद होता, पण कागदाकडं ती बघत नव्हती. सगळं पाठ.

"प्रिय आई," ती म्हणाली, "तुझ्या बोटाला कोयता लागल्याचा निरोप आला. कोणत्या हाताच्या, ते कुणी सांगितलं नाही."

मी खाली मातीत बसले होते. पुढचं वाक्य मला माहीत होतं. ते मी लिहिलं होतं.

ते वाक्य कसं आलं ते सांगते.

आई-बाप कर्नाटकात, कारखान्यावर. फोन मुकादमाचा. त्याच्या समोर उभं राहून आई काय बोलणार? "बरी हायेस का?" "बरी हाय." संपलं. म्हणून मी चिठ्ठी लिहायचे. मुकादमाचा माणूस तिकडं जायचा, त्याच्याजवळ द्यायची. तिकडं कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, कुणीतरी आईला वाचून दाखवायचं. पाठवायच्या आधी मी ती आपाला वाचून दाखवायचे. तीच म्हणायची, "मी तुझी माय हाय समज अन् वाच."

बोटाचा निरोप आला त्या दिवशी मी लिहिलं, आई, तुझ्या बोटाला लागल्याचे समजले. काळजी घे. औषध घे. शाळेत पत्रलेखन शिकवतात तसं.

आपा भाकरी थापत होती. "हे तर कुणीबी कुणालाबी लिहील, बेटी. मला काय दिसना यात. बोट कोणत्या हाताचं?"

"ठावं न्हाई."

"मग तुला काय वाटलं? ठावं न्हाई म्हणल्यावर?"

आपानं पिठाचा गोळा माझ्या पुढ्यात सरकवला. "थाप. एक बोट दुमडून थाप."

डाव्या हाताचं बोट दुमडलं. भाकरी वाकडी झाली, पण झाली. उजव्याचं दुमडलं. भाकरी मोडली. पुन्हा थापली. पुन्हा मोडली. मला रडू आलं. आपा म्हणाली, "आता लिही."

मी लिहिलं. आई, मी दोन्ही हातांची बोटं दुमडून भाकरी थापून बघितली. डावं दुमडलं तर थापता येते. उजवं दुमडलं तर मोडते. म्हणून डाव्या हाताचं असू दे.

वाचून दाखवलं. तव्यावरची भाकरी करपली.

चिठ्ठी मी वहीत ठेवली. मराठीच्या सरांनी वह्या तपासायला नेल्या. दोन दिवसांनी वही परत आली, चिठ्ठी आली नाही. मागायला गेले तर सर म्हणाले, "ती प्रणाली वाचणार आहे झेंड्याला. तू वाचलीस तर लोक म्हणतील रडगाणं गाते. तिनं वाचलं तर ऐकतील." मी तिथंच उभी राहिले. मग ते हळूच म्हणाले, "वसतिगृहाच्या यादीवर सही कुणाची असते, माहिताय ना?"

माहीत होतं. दादासाहेबांची. यादीतून नाव गेलं की शाळा गेली. मग मीही उसाच्या फडात.

तर प्रणालीनं ते वाक्य वाचलं. "म्हणून डाव्या हाताचं असू दे." बायकांनी पदर डोळ्याला लावले. दादासाहेब उठून माईकवर आले. म्हणाले, "आमच्या नातीला गरिबाची किती जाण हाय बघा." टाळ्या. लई टाळ्या.

तेवढ्यात मागून आवाज आला. "ती भाकर माझ्या तव्यावरची हाय."

शकीलाआपा. पोरांना वाटायच्या बुंदीचं पातेलं कडेवर धरून उभी. "ती चिठ्ठी ह्या पोरीची हाय. माझ्यासमोर लिहिली. भाकर माझ्यासमोर मोडली."

सर हसले. "आपा, तुला अक्षर येतं का?"

"न्हाई."

"मग कुणाची चिठ्ठी ते तुला कसं कळलं? वासावरून?"

सगळं मैदान हसलं. मघाशी ज्यांनी डोळे पुसले, त्या बायासुद्धा हसल्या. आपा हसली नाही. "ऐकलेलं मी इसरत न्हाई, सर," एवढंच म्हणाली.

दादासाहेब आवाज न चढवता बोलले. "पोरीलाच विचारा की. उगं म्हातारीला कशाला बोलता."

सरांनी मला उभं केलं. भोंग्यातून माझं नाव सगळ्या गावाला ऐकू गेलं. "सांग गं. तुझी हाय का ही चिठ्ठी?"

आपा माझ्याकडं बघत होती. तिच्या तोंडावर काळजी अजिबात नव्हती. तिला खात्री होती.

मी म्हणाले, "न्हाई."

एकच शब्द. आपानं पातेलं दुसऱ्या कडेला घेतलं आणि बुंदी वाटायला लागली. माझ्या ओंजळीत घालताना थांबली नाही, बोलली नाही. पण इतरांना घातली तेवढीच घातली. कमी नाही. ते मला आजही सहन होत नाही.

प्रणाली खाली उतरून माझ्याजवळ आली. कानात म्हणाली, "खरंच लागलंय का गं तुझ्या आईला? मला वाटलं सरांनी रचलंय." तिलाही मी न्हाईच म्हणाले.

दोन दिवसांनी चुलीपुढं दुसरी बाई दिसली. आपाला कामावरून काढलं होतं. साहेब लोकांसमोर तोंड वर करून बोलली म्हणून.

आठवड्यानं सरांनी मला ऑफिसात बोलावलं. पाटोद्याला तालुक्याची निबंध स्पर्धा होती. कोरा कागद पुढं ठेवला, पेन स्वतःचं दिलं. "आता बापावर लिही. तसंच. रडू येईल असं."

मी पेन हातात घेतलं. बाप डोळ्यासमोर आला. डोक्यावर मोळी, शिडीवरून ट्रकवर चढणारा, मानेवर पाचटाचे ओरखडे. वाक्यं आपोआप येत होती. आपानं ती सवय लावली होती. एखादी गोष्ट बघितली की आपाला दाखवण्यासारखी बघायची. आता मी लिहिणार आणि आपाला कुणी वाचूनही दाखवणार नाही.

मी विचारलं, "खाली नाव कुणाचं लागंल, सर?"

"तुला काय करायचंय?"

"माझं लागत आसंल तर लिहिते."

"तोडणाऱ्याची पोर तू. तुझं नाव कोण वाचणार हाय गं?"

मी पेन टेबलावर ठेवलं. "मग न्हाई लिहीत."

तेव्हाचं न्हाई खरं होतं. पण उशिरा आलं होतं. आपाच्या काही उपयोगाचं नव्हतं.

चौथ्या दिवशी यादीत नाव नव्हतं. मामानं मला कर्नाटकात नेऊन सोडलं. आई कोपीपुढं भाकरी थापत होती. बोटाला चिंधी. उजव्या हाताच्या. भाकरी मोडत होती. मी दप्तर खाली ठेवलं आणि पीठ माझ्याकडं ओढून घेतलं. ते दप्तर मी शाळेसाठी पुन्हा उचललं नाही.

आता मी स्वतः कोयत्यावर असते, नवऱ्याबरोबर. यंदाही कर्नाटकातच. दुपारी गाडीची वाट बघत थांबावं लागतं, तेव्हा फडाच्या बांधावर पोरं गोळा करते. वहीत "माझी आई खूप प्रेमळ आहे" असं लिहून आणतात. मी म्हणते, मला काय दिसना यात. मग एखादं पोरगं लिहितं, आई झोपेतसुद्धा मूठ आवळते, कोयता धरल्यासारखी. मी त्याला म्हणते, खाली नाव टाक. नाव टाकल्याबगर मी ऐकणार नाही. ती पोरं हंगाम संपेपर्यंत माझ्याजवळ असतात. पुढं कुठल्या सरांच्या हाती लागतात, मला कळत नाही. माझ्या हातात काही नसतं.

गेल्या महिन्यात गावाकडून बहीण आली. बोलता बोलता म्हणाली, शकीलाआपाला आता लई कमी ऐकू येतं. कानाशी ओरडावं लागतं.

तेव्हापासून मला धड जेवण जात नाही. आपाला वाचता येत नाही. तिला फक्त ऐकता येतं. तेही संपलं तर मी तिला कसं सांगू?

म्हणून हे लिहून काढलं. मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की आम्ही गावी जाऊ. एक मे, महाराष्ट्र दिन, त्या दिवशी शाळेत झेंडा असतो. तेच सर आता मुख्याध्यापक आहेत. स्टेज तेच, मैदान तेच. मला माईक कुणी देणार नाही. नको.

आपा, मी तुला हाताला धरून त्या मैदानात नेणार. मधोमध उभं करणार. तुझ्या कानाशी तोंड आणून बोलणार. तुला ऐकू येईस्तोवर ओरडावं लागंल, आणि तेवढं ओरडले की सगळ्या गावाला ऐकू जाईल. व्हय. ती चिठ्ठी माझी होती.