खंडेनवमीचं बोलावणं

खंडेनवमीला आमच्या पाथर्डीत विळे, खुरपी, ट्रॅक्टर यांच्या रांगेत कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लागतं. ही पद्धत कुणी सुरू केली माहीत नाही, पण ती निस्तरायचं काम माझ्याकडे होतं. एसटी स्टँडजवळ माझं कॉम्प्युटरचं दुकान. माझ्याकडून मशीन नेलेले लोक त्या दिवशी हमखास बोलवायचे. मी ब्लोअर घेऊन जायचो, धूळ उडवायचो, प्लग काढायचो आणि घरातल्या बाईंना सांगायचो, कुंकू बाजूच्या पत्र्यावर लावा, पाणी नुसतं दुरून दाखवा. मग जेवल्याशिवाय कुणी सोडत नसे. बायकोसाठी वर डबा मिळे. ती म्हणायची, नवमीला माझ्या चुलीला सुट्टी.

ती गेली, आणि लोक मोबाईलवर मशीन मागवायला लागले. त्यात त्यांचं काय चुकलं? स्वस्त मिळतं, घरपोच मिळतं. मी तरी किराणा सोडून काय दुकानात जाऊन घेतो? पण दिवसभर माशा मारत बसलं की असलं शहाणपण उपयोगी पडत नाही. पुण्यातली मुलगी म्हणते, बाबा, शटर ओढा आणि इकडे या. मी तिला शब्द देऊन बसलो होतो, ज्या खंडेनवमीला एकही बोलावणं येणार नाही, त्या दिवशी ओढतो.

यंदा सकाळीच अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात बसलो. ब्लोअर पुसून टेबलावर ठेवला. घरी काही शिजवलं नव्हतं.

दुपारी एक जुने गिऱ्हाईक आले. पहिला कॉम्प्युटर माझ्याकडूनच नेलेले बागायतदार. त्यांच्या घरी मी दरवर्षी जेवलो आहे. काखेत टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप. मुलाने ऑनलाइन मागवलेला.

"सुरूच हुईना बघा. सकाळी पूजा केली, फुलानं पानी शिंपडलं, झालं."

"कस्टमर केअरला लावला का फोन?"

"लावला की. ती बाई हिंदीत इचारती, लिक्विड गिरा क्या? म्या म्हनलं, लिक्विड कशाचं, देवाचं पानी हाय. तर म्हनली, वॉरंटीत बसत न्हाई."

मला हसू आलं. त्या बाईचं तरी काय चुकलं? पूजा झाली का, हा प्रश्न तिला कुणी शिकवलाच नसणार.

लॅपटॉप उघडला. बटणांखाली हळदीचा पिवळा चिखल होता. बॅटरी सोडवली, पुसलं, ब्लोअरने सुकवत बसलो. ते स्टुलावर बसून उसाबद्दल बोलत होते. कितीतरी दिवसांनी दुकानात कुणी बसलं होतं. गरज सरो वैद्य मरो म्हणावं, तर तसंही नव्हतं. गरज होती, वैद्यही होता. फक्त त्याला घरी बोलवायची रीत गेली होती.

लॅपटॉप सुरू होईल असं दिसायला लागलं, तेव्हा मी जरा खोटं बोललो. म्हणालो, "अजून थोडी ओल धरून आहे. संध्याकाळी घरी घेऊन येतो. तिथंच चालू करून देतो, वहिनींनाही नीट दाखवतो."

माझं मन त्यांना कळलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना माझे पांढरे केस दिसले.

"छे छे, तुमी कशाला दमता आता? बसतो की मी हितंच. लई धावलात आमच्यासाठी."

इतक्या मायेने म्हणाले की मी लॅपटॉप पुढे ओढला. बटण दाबलं. चालू झाला. ते खूश होऊन तो टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले.

थोड्या वेळाने मुलीचा फोन आला. "बाबा, आलं का बोलावणं?"

"आलं की. आत्ताच जेवून आलो. बागायतदारांकडे."

"खरंच? काय होतं?"

"पुरणपोळी. तूप जरा जास्तच वाढलं."

"आणि आईसाठी द्यायचे तसा डबा दिला का?"

"दिला," म्हणालो. आवाज फाटला.

ती म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे रेंज नीट नाही. नंतर करते."