उजव्या टोकाची गाठ

भाऊंच्या खांद्यावर बारा महिने पांढरा दुपट्टा असायचा, आणि कोणी काही सांगितलं की ते त्याच्या टोकाला गाठ मारायचे. वही नाही, पेन नाही. डावं टोक कामांचं. उजवं टोक कशाचं, ते लोक आवाज खाली घेऊन सांगत. गाठ आवळून झाली की भाऊ म्हणायचे, "मी विसरत नाई."

भाऊ म्हणजे आमच्या भागाचे आमदार. हिंगणघाटच्या रस्त्यापासून कोसभर आत, नाल्यापलीकडच्या गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, तेव्हाचे. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. पुष्कळ दगडांवर कोरलेलं आहे, त्यात माझी भर कशाला? आणि अहोजाहो करते आहे ते वयाला, माणसाला नाही.

असा पुढारी तुम्हीही पाहिला असेल. पिठाच्या गिरणीपासून कबड्डीच्या सामन्यापर्यंत प्रत्येक नारळ त्यांच्याच हातचा. भजनी मंडळांची स्पर्धा असली तर पहिल्या रांगेत बसून मान डोलवायची, आणि बारशाला गेले तर पाळण्याची दोरी आधी यांच्याच हातात यायची.

पण खोटं बोलणार नाही. माणूस कामाचा होता. आमच्या गावात भाजीवाले पुष्कळ. बायका वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, यांच्या टोपल्या घेऊन पहाटे फाट्यावर उभ्या राहायच्या आणि एसटी त्यांच्या तोंडावर धूळ उडवून निघून जायची. भाऊंनी डाव्या टोकाला गाठ मारली. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन डेपोत गेले आणि साहेबांच्या टेबलासमोर बसून राहिले. "तुमी काम करा जी, मी बसून राह्यलो," एवढंच म्हणत. संध्याकाळी हुकूम टाइप झाला तेव्हाच उठले. पहिली गाडी थांबली त्या दिवशी स्वतः फाट्यावर आले, सगळ्यांदेखत गाठ सोडली आणि दुपट्टा झटकला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हे कबूल करते.

उजव्या टोकाची ओळख मला नंतर झाली.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी बैल सजवून ओढत आणतात आणि चांगल्या बैलाला बक्षीस मिळतं. त्या वर्षी भाऊ पाहुणे होते आणि परीक्षक मी. भाऊंनी सोबत नातवाला आणलं होतं. त्याचा बैल नागपूरहून आणलेला, वासराएवढा उंच, शिंगांना बेगड, गळ्यात पितळी घुंगरं. तो ओढत होता भाऊंचा ड्रायव्हर. नातू बाजूनं पेढा खात चालला होता.

शाळेच्या फळ्यावर मी माझ्या हातानं नियम लिहिला होता, बैल मुलानं स्वतः ओढला पाहिजे. भाजीवाल्यांची सुमन दुसरीत होती. तिच्या बापानं बाभळीच्या लाकडाचा बैल कोरून दिला होता. त्याचं एक चाक लंगडत होतं आणि सुमन दर चार पावलांवर थांबून ते सरळ करत होती. पहिलं बक्षीस मी तिला दिलं.

सरपंचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी घराला काडी लावली. भाऊ मात्र हसले. सुमनच्या हातात बक्षिसाची पाटी दिली, तिच्या गालाला हात लावला. मग खुर्चीवर बसले, दुपट्टा पुढे घेतला, डाव्या टोकाची एक गाठ सोडली आणि तीच उजव्या टोकाला मारली.

"बाई, तुमी नियमानं वागल्या," ते म्हणाले. "मी विसरत नाई."

ती डावीकडची गाठ होती आमच्या रपट्याची. रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका सिमेंटचा पूल, पाणी खालच्या नळ्यांमधून जातं. गावानं कधीपासून मागितला होता. नाला तसा घोट्याएवढा, पण वर पाऊस पडला की तासाभरात पुरुषभर उंच. नाल्यावर आलं की चपला हातात घ्यायच्या, ही गावातल्या लहानथोरांची सवय. मलाही लागली होती.

त्या वर्षी मंजूर कामांची यादी आली, तीत रपटा नव्हता. पुढच्या वर्षीही नव्हता. सरपंच मला म्हणाले, "बाई, तुमच्या नियमापायी गावाचा रपटा गेला. एक लाकडाचा बैल, काय बिघडलं असतं?" पाणवठ्यावर बायका मी आले की गप्प व्हायच्या. मी रात्रंदिवस स्वतःला विचारत होते, की नियम मोठा की नाला? आणि भाऊंवरचा माझा राग वाढत गेला.

तिसऱ्या पावसाळ्यात सुमनच्या आईच्या पोटात दुखायला लागलं. दिवस भरत आले होते. चार माणसांनी खाटेवर घालून तिला नाल्यातून नेलं आणि मध्येच एकाचा पाय घसरला. ती वाचली. बाळ वाचलं नाही; मुलगा होता.

त्या दिवशी मी ठरवलं, की या माणसाला सोडायचं नाही. तुम्ही म्हणाल, शिक्षिकेनं असं बोलू नये. मी बोलते.

पुढच्या तान्ह्या पोळ्याला मी स्वतः पत्र लिहून भाऊंना बोलावलं. ते येणारच होते. समोर शंभर माणसं बसणार असं कळलं की त्यांच्यानं घरी बसवत नसे. जीप पलीकडे ठेवून, धोतर वर धरून नाला ओलांडून आले. नाल्याच्या वरच्या अंगाला आभाळ काळं झालं होतं. मला ते सकाळपासून दिसत होतं.

पोळ्याला झडत्या म्हणतात, यमक जुळवलेल्या, एकमेकांना टोचणाऱ्या. दर वर्षी चार-पाच मुलं म्हणत. त्या वर्षी मी पहिलीपासून सातवीपर्यंत सगळ्यांना उभं केलं. मग स्वागतगीत. मग दुसरं स्वागतगीत. मग सरपंचांना दोन शब्द बोलायला लावलं, आणि सरपंचांचे दोन शब्द तुम्हाला माहीत नाहीत. भाऊ घड्याळ बघत होते. आभार मी मानले. गावातल्या दिवाबत्तीवाल्यापर्यंत कोणाला वगळलं नाही.

नाला आला, तो आवाज सगळ्यांना ऐकू आला. भाऊ काठापर्यंत गेले आणि उभे राहिले. पलीकडे जीप दिसत होती, ड्रायव्हर हात हलवत होता.

"आता जी?" भाऊ म्हणाले.

"आता आमच्यासारखं," मी म्हणाले. "उतरेपर्यंत थांबायचं."

सरपंच धावले, त्यांच्या घरी गादी होती. पण मी म्हटलं, सोय झाली आहे. आणि मी भाऊंना सुमनच्या घरी नेलं.

सुमनच्या आईनं पाय धुवायला पाणी दिलं, चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी, वाढली. भाऊ कुठल्याही घरात विचारतात तसं त्यांनी विचारलं, "लेकरं किती, बाई?"

"एक हाये," ती म्हणाली. "दुसरं नाल्यात गेलं. खाटीवरून नेत होते मले."

भाऊंनी हातातला घास ताटात ठेवला. मी समोर उभी राहून बघत होते. मला समाधान वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण समाधान वाटलं. सुमनच्या आईनं ताटातली भाकर पुन्हा त्यांच्यासमोर सरकवली. "खा जी. उपाशी नोका राहू आमच्या घरी," ती म्हणाली. भाऊंनी खाली मान घालून सगळी भाकर खाल्ली.

सकाळी पाणी उतरलं. काठावर ते माझी वाट बघत होते. "मले मालूम नोतं," ते म्हणाले.

"कोण सांगणार? तुमच्या दुपट्ट्याला भितात सगळे."

त्यांनी उजवं टोक पुढे घेतलं. ती गाठ दाखवली. "धोब्याले देतानी सोडतो, धुऊन आला का परत मारतो. तीन वर्सं झाली." मग ती सोडायला लागले. वेळ लागला. मी मदत केली नाही.

गाठ सुटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काल तुमी जाणूनबुजून केलं नं, बाई?"

"हो."

"आभाळ पाहून?"

"हो."

ते हसले. अगदी मनापासून, बरोबरीचा कोणी भेटल्यासारखे. आणि तिथेच त्याच टोकाला दुसरी गाठ मारली. "हे गावाची नाई. हे फक्त तुमची."

त्याच हिवाळ्यात रपटा मंजूर झाला. त्याच आठवड्यात माझी बदली झाली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. बायका रडल्या. मी रडले नाही. मला सौदा पटला होता.

रपटा झाल्यावर भाऊंनी उद्घाटनाला मला आणायला जीप पाठवली, साठ मैल. मी ती रिकामी परत पाठवली. ड्रायव्हरनं विचारलं, "साहेबाले काय सांगू?" मी म्हटलं, "सांग, बाई विसरत नाहीत." नंतर कळलं, की त्या दिवशी भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा फीत स्वतः कापली नाही. कात्री सुमनच्या आईच्या हातात दिली. हे ऐकून मी आणखी चिडले. माझा राग तरी मला निवांत करू द्यायचा होता या माणसानं.

काही वर्षांनी ते गेले. शोकसभेला मी गेले नाही. त्यांच्या खांद्यावरच्या शेवटच्या दुपट्ट्याला उजवीकडे एकच गाठ होती, असं लोक सांगत होते. कोणाची, ते कोणाला कळलं नाही. ती सोडायला ते कधी आले नाहीत आणि सोडा म्हणायला मीही गेले नाही.

पुढल्या उन्हाळ्यात सुमनच्या लग्नाची पत्रिका आली म्हणून मी त्या गावाला निघाले. फाट्यावर एसटी थांबली. सुमन स्वतः घ्यायला आली होती, हळदीच्या अंगानं, कोणाचं न ऐकता. बोलत बोलत आम्ही नाल्याशी आलो, आणि मी वाकून चपला काढून हातात घेतल्या.

सुमन थांबली. तिचे डोळे भरले. "भाऊंसाठी काहाडल्या नं, बाई?"

"अगं, सवय आहे म्हणून!" मी ओरडलेच. चपला खाली आपटल्या, पायात घातल्या आणि त्यांच्या रपट्यावरून पाय आपटत निघाले. मधोमध पोचल्यावर थांबावं लागलं. याच जागी खाट कलंडली होती. खाली नळ्यांमधून घोट्याएवढं पाणी चाललं होतं आणि माझे पाय कोरडे होते.

मी चपला पुन्हा काढल्या. सुमनला म्हटलं, "हे तुझ्या भावासाठी. त्यांच्यासाठी नाही."

"हो," सुमन म्हणाली, आणि तिनंही काढल्या.