समोरच्या कोपऱ्यात

ताईचा फोन आला तेव्हा मी वाकोल्यातल्या एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो. लिफ्टची दुरुस्ती हा माझा धंदा. "संदीप, मिकोला पडला," ती म्हणाली. हातातला पाना खाली न ठेवताच मी म्हटलं, "मग उठव ना त्याला." मला वाटलं, कांदिवलीला जिममध्ये शिकवताना घसरला असेल. ताईचा नवरा हेवीवेट बॉक्सर. आयुष्यभर ठोसे खाल्ले, पण रिंगमध्ये एकदाही आडवा झाला नाही. असा माणूस पडला म्हणजे काय, हे डोक्यात शिरेचना. "तो उठत नाहीये रे..." ताई म्हणाली. ती स्वतः डॉक्टर. तिचा दवाखाना जिमच्या मागच्याच गल्लीत, निरोप मिळताच ती पळत गेली होती. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती त्याच्या छातीवर दाब देत राहिली, कुणाला हात लावू दिला नाही, असं जिममधल्या मुलींनी मला नंतर सांगितलं.

मिकोला परत उठलाच नाही, त्याला जाऊन महिना झाला. लोक विचारतात, युक्रेनचा बॉक्सर तुमच्या दिंडोशीत आला कुठून? ताई डॉक्टरकीला तिकडे पोल्टावाला गेली होती. शेवटच्या वर्षाला असताना एका रात्रपाळीत हा दरवाजाएवढा माणूस फुटलेली भुवई घेऊन आला आणि ताईनं टाके घातले. सुईला घाबरून त्यानं डोळे गच्च मिटून घेतले होते म्हणे. ही गोष्ट ताई सांगायला लागली की तो हात जोडायचा, पण ती काही थांबायची नाही. नात्यानं तो माझा भावोजी. मी मात्र पहिल्या दिवसापासून त्याला मिकोलाच म्हणायचो आणि त्यावरून आईच्या शिव्या खायचो.

त्याची कारकीर्द मी त्याच्याच तोंडून ऐकली, तीही तुकड्यातुकड्यांत, गॅलरीत चहा पिता पिता. हौशी बॉक्सिंगमध्ये तो जिल्ह्याचा, मग विभागाचा विजेता. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत एका पंचाच्या मतानं हरला. देशाच्या संघात पहिला क्रमांक गेला दुसऱ्याला आणि हा कायमचा दोन नंबरचा. परदेश दौऱ्यांवर जायचा, पण लढायला नाही. पहिल्या नंबरच्या पठ्ठ्याला सरावासाठी कुणीतरी बदडायला लागतं ना, त्यासाठी! "वाट लागली असेल रे तुझी," मी म्हणायचो. तो हसायचा. "जेवण चांगलं होतं," म्हणायचा.

मग तो व्यावसायिक झाला. डोक्यावरचं संरक्षण गेलं, अंगातला देशाचा बनियन गेला. सुरुवातीच्या सगळ्या लढती त्यानं जिंकल्या. पोलंड, जर्मनी, छोटे हॉल, फसफसलेली बीअर आणि आरडाओरडा. पण मोठ्या लोकांना त्याच्यात विजेता दिसलाच नाही, त्यांना दिसला न पडणारा माणूस. कुणी नवा, गाजत असलेला मुलगा असला की त्याचं नाव मोठं करायला मिकोलाला फोन यायचा, तयारीला जेमतेम आठवडा देऊन. हा जायचा, त्या मुलाच्या गावात, त्या मुलाच्या लोकांसमोर सगळ्या फेऱ्या उभा राहायचा आणि गुणांवर हरून यायचा. शेवटची काही वर्षं त्याच्या कोपऱ्यात ताईच असायची. फेरी संपली की त्याला स्टुलावर बसवायचं, पाणी पाजायचं, रक्त थांबवायचं. एका लढतीत त्याच्या डोळ्याचा पडदा फाटला. त्या रात्री ताईनं सांगितलं, आता बस. त्यानं बस केलं आणि दोघं मुंबईला आले.

इथं त्याच्यासमोर उभे राहिले आमचे बाबा.

बाबा गिरणी कामगार, मालवणकडचे, तरुणपणी गिरणीच्या संघातून कबड्डी खेळलेले. लग्नाला ते आले नव्हते. ताई त्याला घेऊन पहिल्यांदा घरी आली तेव्हा बाबा दारातच उभे राहिले. "खेळान माका ह्यो गुडघो दिल्यान, पोटाक काय दिल्यान नाय," ते ओरडले. "आणि तू डॉक्टर होऊन हेच्या जखमा शिवतलंस?" आणखीही बरंच बोलले. ताई रडायला लागली. मिकोलाला एक शब्द कळला नाही, पण सूर कळला. बाबांनी दार लावलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो एकटाच परत आला. उंबऱ्याच्या बाहेर थांबला, मान खाली घातली, दोन्ही हात पुढे केले. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. मग हा पठ्ठ्या सरळ स्वयंपाकघरापाशी गेला आणि आईचा पिठाचा हात हातात घेऊन वाकला. "अगो बाय!" आई केवढ्यानं ओरडली! नंतर ताईनं उलगडा केला. लढत संपल्याची घंटा वाजली, की बॉक्सर समोरच्या कोपऱ्यात जातो आणि प्रतिस्पर्ध्याच्या उस्तादाचा हात धरतो. हरलेला असो नाहीतर जिंकलेला. मिकोलाच्या हिशेबात बाबांच्या कोपऱ्यातली उस्ताद म्हणजे आई.

ही सवय त्याची कधी सुटली नाही. ठोसे मारायची पिशवी त्यानं गच्चीवर टांगली, धाडधाड आवाजावरून सोसायटीच्या सेक्रेटरीशी कडाक्याचं भांडण झालं, पिशवी काढावी लागली. दुसऱ्या दिवशी हा सेक्रेटरीच्या म्हाताऱ्या आईचा हात धरायला हजर. त्या बाईनं त्याला लाडू दिला. पिशवी काही परत लागली नाही.

बाबांनी मात्र हात पुढे केला नाही तो नाहीच. समोरच्याच इमारतीत ताईचं घर, आमच्या खिडकीतून तिची गॅलरी दिसते. ताई आमच्याकडे रोज यायची, बाबा तिच्याशी बोलायचे, पण तिच्या घराची पायरी ते कधी चढले नाहीत. युद्ध सुरू झालं तेव्हा बातम्या लावून बसायला लागले. "त्येची आवस खंयच्या गावात आसा रे?" त्याच्या आईची चौकशी माझ्याकडे करायचे. मी म्हणायचो, "त्यालाच विचारा ना!" की टीव्हीचा आवाज वाढवायचे. एकदा माझ्या मोबाइलवर त्यांनी त्याची शेवटची लढत पाहिली. "ह्यो पडणा कसो नाय?" म्हणाले आणि पुन्हा लावायला सांगितली. अर्धा चेहरा रक्तानं माखलेला असताना मिकोला लटपटत समोरच्या कोपऱ्यात जातो आणि एका टकल्या म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरतो, तिथे बाबांनी मोबाइल डोळ्यांजवळ घेतला.

गेल्या थंडीत मिकोलाची आई तिकडे वारली. तिथल्या पुरुषांना देश सोडायला बंदी, तो गेला असता तर युद्ध संपेपर्यंत परत येऊ शकला नसता, म्हणून गेला नाही. गॅलरीत नुसता उभा असायचा. बाबांनी एके संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घातला, फाटकापर्यंत गेले आणि परत आले. "गुडघो दुखता. उद्या जातंय," म्हणाले. तो उद्या रोज पुढे गेला. मलाही वाटायचं, होईल सावकाश, घाई काय आहे... आता स्वतःचाच राग येतो. ओढत न्यायला हवं होतं म्हाताऱ्याला!

मागच्या रविवारी बाबांनी तोच शर्ट घातला. "चल माझ्यावांगडा," एवढंच म्हणाले. मी जन्मभर लोकांच्या लिफ्टी चालू करत आलो, पण आमच्या वसाहतीत एकाही इमारतीला लिफ्ट नाही. बाबा कठड्याला धरून चढले, प्रत्येक मजल्यावर थांबत. मी हात दिला तर झटकला. ताईनं दार उघडलं. बाबा उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. मान खाली घातली आणि दोन्ही हात पुढे केले.

ताईला लगेच कळलं. मिकोला गेल्यापासून ती रडली नव्हती. बाबांचे हात तिनं घट्ट धरले आणि तिथंच दारात हुंदके द्यायला लागली. "तुझ्या माणसाचो हात धरूचो रवलो गो," बाबा म्हणाले. "रवलोच."

थोड्या वेळानं ते आत आले. गॅलरीच्या दाराशी लाकडी स्टूल आहे, त्याच्यावर बसून मिकोला सरावाआधी हातांना पट्ट्या बांधायचा. धुतलेल्या पट्ट्या अजून दोरीवरच होत्या, ताईला काढवल्या नव्हत्या. बाबा स्टुलावर बसले, पाय लांब केला, हात वर करून एक पट्टी ओढली. मांडीवर सरळ करत, तळव्यानं दाबत घट्ट गुंडाळायला लागले, अगदी तो गुंडाळायचा तशी. इतकी वर्षं खिडकीतून काय बघत होते ते मला तेव्हा कळलं. गुंडाळी झाली तशी त्यांनी ती ताईच्या हातात ठेवली आणि दुसरी मागितली.