ती शेवटी काय म्हणाली

एस्तेर वहिनींचा फोन आला तेव्हा मी बाजारात मेथीची जुडी निवडत होतो. "नईमभाई, हे गेले..." एवढंच त्या बोलल्या. हिंगोलीच्या एकाच शाळेत त्यांच्या नवऱ्याची, शमुवेलची, आणि माझी अर्धी हयात गेली. तो मराठी शिकवायचा, मी इतिहास. आणि रविवारी तो गावातल्या छोट्या चर्चमध्ये प्रवचन करायचा. मधल्या सुट्टीत आमचा एक ठरलेला वाद असे. मी म्हणायचो, "तुमच्या बायबलातली चार शुभवर्तमानं एकमेकांशी जुळत नाहीत. एकात येशूच्या कबरीपाशी एक देवदूत, दुसऱ्यात दोन. पाहणारे होते, तर असं काहून?" तो हसायचा. "अरे, पाहणारे होते म्हणूनच! ठरवून रचलं असतं तर शब्दन्शब्द जुळला असता." हे तो इतक्या खात्रीनं सांगायचा की हळूहळू मलाही ते पटू लागलं होतं.

मग शिरड शहापूरच्या थांब्यावर एका जीपनं रस्ता ओलांडणाऱ्या कॉलेजच्या मुलीला उडवलं. शमुवेल नुकताच बसमधून उतरला होता. सगळ्यांच्या आधी तोच धावला. तिचा जीव गेला तेव्हा तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. जीपमधले दोघं उतरून पळाले. पुढं खटला चालला, शमुवेलसह तिघांनी साक्ष दिली. पण चालवणारा उंच होता की बुटका, निळ्या शर्टाचा होता की पांढऱ्या, यावर तिघांचं जुळेना. वकिलानं तेवढंच धरून ठेवलं आणि आरोपी सुटला. "ज्याला मी खरेपणाची खूण म्हणत होतो," शमुवेल मला म्हणाला, "त्यावरूनच आम्ही खोटे पडलो..."

मुलीची आई सुमनबाई कोर्टाच्या पायरीवर बसली होती. "सर, तुमी डोळ्यानं पाहिलं व्हतं न? मंग काहून न्हाई जमलं?" शमुवेल तिच्याशेजारी पायरीवर टेकला. मग तिनं हळूच विचारलं, "माझं लेकरू जाताना काई बोललं का?" "'आई' म्हणाली," त्यानं सांगितलं. त्यानंतर तो अधूनमधून तिच्या घरी जायचा आणि ती दर वेळी त्याला तेच सांगायला लावायची. चर्चमधलं प्रवचन मात्र त्यानं सोडलं. वहिनींनी कारण विचारलं, तर घसा बसलाय म्हणायचा.

आमची शेवटची भेट दवाखान्यात झाली. वहिनी चहा आणायला गेल्या होत्या. "नईम, ती 'आई' म्हणाली की 'पाणी', हे मला आता सांगता येत नाही. इतक्यांदा सांगितलं की पाहिलेलं पुसलं गेलं, सांगितलेलंच उरलं. ख्रिस्ताचे शेवटचे शब्दही चौघांनी सारखे लिहिलेले नाहीत. कोण जाणे, त्यांच्याही दारात कुणाची आई येऊन बसली असेल..."

"मग ते खोटं का?"

"तसं न्हाई म्हणत मी." तो उशीला टेकून उठून बसला. "मी तिथं होतो. तिचे ओठ हलले, मी खाली वाकलो. एवढं बराबर आठवतं." त्याचा विश्वास डळमळला होता का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. प्रार्थना तो शेवटपर्यंत करत होता, असं वहिनी सांगतात.

दफनानंतर काही आठवड्यांनी वहिनी आणि मी सुमनबाईकडे गेलो. शमुवेल गेल्याचं तिला कळलंच नव्हतं. ती रडली, आम्हाला पाणी दिलं आणि न विचारताच सांगू लागली... तिची पोरगी कशी पडली, सर कसे धावले. सरांनी पोरीचं डोकं कसं उचललं ते तिनं उजवा तळवा उताणा धरून दाखवलं. वर्गात महत्त्वाचं काही सांगण्याआधी शमुवेल डोळे मिटून थांबायचा, अगदी तशीच ती थांबली. "आन् मंग 'आई' म्हनली."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. सुमनबाईनं माझ्याकडे पाहिलं. "तुमालाबी सांगितलं आसल न त्यायनी?"

"सांगितलं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. तळवा मात्र अजून मिटला नव्हता.