भंडारा उचला, साहेब

भोरच्या कोर्टात वकिली करता करता माझी जीभ फारच धारदार झालीय, असं घरचे म्हणतात. असेल. पण भोंगवलीकडच्या एका गावात, देवळासमोर, माझी वाचाच बसली होती, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

मी तिथल्या एका कारखान्याचं कायद्याचं काम बघत होते. कारखान्याखालच्या ओढ्याला वास येत होता आणि ओढ्यालगतच्या विहिरीच्या पाण्यालाही. गाव म्हणे, हे तुमचं सांडपाणी. आम्ही म्हणत होतो, सिद्ध करा. पाण्याचे नमुने तपासणीला गेलेले, अहवाल यायचा होता. तेवढ्यात कंपनीला सामाजिक जबाबदारी आठवली आणि शाळेला पाणी शुद्ध करायचं मशीन द्यायचं ठरलं. मॅनेजरसाहेब नारळ फोडणार आणि ते काही वेडंवाकडं बोलू नयेत म्हणून मी सोबत. कार्यक्रम देवळापुढच्या मांडवात होता.

नारळ फुटला, टाळ्या झाल्या. मग विहिरीलगत राहणारी एक मावशी उठली. तिची सून पोटुशी होती आणि घरात पाणी त्याच विहिरीचं.

"साहेब, मशीन लई चांगलं हाय. शाळंतली पोरं पितील. माज्या सुनंनं काय प्यायचं?"

"मावशी, ते पाणी आमचं नाही," साहेब म्हणाले. हे वाक्य मीच त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं.

"न्हाई ना? मग उचला भंडारा!"

आमच्याकडे अजून हे चालतं. वाद मिटेना की देवापुढं उभं राहायचं, तळहातावर बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घ्यायचा आणि काय ते बोलायचं. तिथं खोटं बोलायला भलेभले टरकतात. पण साहेब परमुलखातले, त्यात देवधर्म न मानणारे. मावशीला तेही ठाऊक होतं. "देव नका मानू. हात तर तुमचाच हाय न्हवं?"

मी त्यांच्या कानाशी लागले. "उचला, सर. कोर्टात असल्या शपथेला काडीची किंमत नाही." कायद्याने मी चूक नव्हते. आजही नाही.

साहेबांनी बूट काढले. गुरवाने तळहातावर पान आणि भंडारा ठेवला. साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं. मी मनात म्हणतेय, बोला की हो बाबा, चार शब्द तर आहेत! आणि त्यांनी भंडारा परत ताटात ठेवला.

"मला माहीत नाही," ते मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले. "आमचं असू शकतं."

अगं आई गं! माझा पाराच चढला. एका वाक्यात आमची सगळी बाजू आडवी झाली. मी त्यांची बाही ओढतेय, तर यांचा मोबाईल कानाला. अहवाल येईपर्यंत ओढ्याकडची लाईन बंद करा. विहिरीवरच्या घरांना आजपासून टँकर पाठवा. वरच्यांशी मी बोलतो. नोकरी जायची तर जाऊ दे.

धोका ज्याच्या कामातून येतो, त्यानेच तो धोका नाही हे सिद्ध करावं, असं तत्त्व मी निकालांमध्ये कितीदा वाचलंय. ते आमच्यावर कुणी उगारलं तर काय बोलायचं, तेही तयार होतं. पण ते असं अनवाणी, हात हळदीने पिवळा झालेलं, माझ्यासमोर उभं राहील असं आयुष्यात वाटलं नव्हतं. राग कुठं गेला कळलं नाही. अंगावर सरसरून काटा आला आणि हात आपोआप जोडले गेले. देवाला की त्या माणसाला, कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

मावशी पुढे झाली आणि पदराने साहेबांचा हात पुसू लागली.

"भंडारा उचलला असता ना साहेब, तरी म्या इश्वास ठेवला नसता," ती म्हणाली. "आता तुमी धाडलेलं पानी सुनंला डोळं झाकून पाजीन."